कॅनडाच्या स्थलांतर अर्जासाठी कंपन्यांकडून कामाच्या तपशिलासह पत्रे मिळवण्यात अडचण – मार्गदर्शन हवे आहे (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकची आहे. २०१३ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यापासून आधी अंबड, मग सातपूर आणि आता सिन्नर अशा तीन ठिकाणच्या कारखान्यांत मी गुणवत्ता विभागात काम करत आले आहे. आम्ही दोघा पती-पत्नींनी कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्री पद्धतीतून (यात गुणांच्या क्रमवारीनुसार अर्जाचे आमंत्रण मिळते), फेडरल स्किल्ड वर्कर म्हणजे कुशल कामगारांच्या वर्गात, कायमस्वरूपी वास्तव्यासाठी अर्ज करायचे ठरवले असून मुख्य अर्जदार मी आहे. पदवीचे मूल्यांकन झाले आहे, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही हातात आहे. सगळे अडले आहे ते नोकरीच्या पत्रांपाशी.

ज्यांना याची कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते. नोकरी सोडताना आपल्याला जे अनुभव प्रमाणपत्र मिळते, त्यात बहुतेक वेळा रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पदनाम आणि 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढेच असते. कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाला एवढ्यावर समाधान नाही. कंपनीच्या लेटरहेडवर, कंपनीचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल यांसह, अर्जदाराने सांभाळलेली सर्व पदे, प्रत्येक पदाच्या तारखा, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, आठवड्याचे कामाचे तास आणि वार्षिक पगार व इतर लाभ इतके सगळे लिहिलेले हवे, आणि त्याखाली थेट वरिष्ठाची किंवा मनुष्यबळ विभागातील अधिकाऱ्याची नाव व हुद्द्यासह सही हवी. यात कामाचे स्वरूप सर्वांत महत्त्वाचे, कारण तेथील अधिकारी पदनामावर न जाता कामावरून ठरवतात की आपण त्यांच्या व्यवसाय-वर्गीकरणातील कोणत्या गटात बसतो. मी २१३२१ हा, म्हणजे औद्योगिक व उत्पादन अभियंत्यांचा, गट धरला आहे. गुणवत्ता नियंत्रणाचे अभियंते त्यातच मोडतात.

आता माझी परिस्थिती. पहिली नोकरी (जुलै २०१३ ते नोव्हेंबर २०१७) अंबडमधील एका छोट्या मशीन शॉपमध्ये होती. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रे), चार लेथ, पंधरा-सोळा माणसे आणि मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. मायक्रोमीटर हातात धरण्यापासून ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर लिहिण्यापर्यंत जे काही मला येते, ते मी तिथे शिकले. नेमणुकीचे पत्र काकांनी मराठीत लिहून दिले होते, ते मी जपून ठेवले आहे. २०२१ मध्ये काका गेले आणि त्याच वर्षी शॉप बंद झाले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. मी फोन केला तेव्हा तो अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, लेटरहेडचा गठ्ठा घरात पडून आहे, तुम्हाला हवे ते लिहून आणा, मी सही करतो." त्याच्या मनात खोट नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पण तो कधी शॉपमध्ये कामाला नव्हता, माझे काम त्याने पाहिलेले नाही, आणि लेटरहेडवरचा दूरध्वनी कधीच बंद झाला आहे. अशा पत्रावर सही घ्यायला माझे मन तयार होत नाही.

दुसरी नोकरी (डिसेंबर २०१७ ते ऑगस्ट २०२१) सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत होती. येथे अडचण उलटी आहे. कंपनी सुस्थितीत आहे, पण मनुष्यबळ विभागाचे म्हणणे असे की, आमचा ठरलेला नमुना आहे, त्याबाहेर एक शब्दही लिहिता येणार नाही. दोनदा प्रत्यक्ष जाऊन आले. दुसऱ्या वेळी फाटकावरूनच निरोप मिळाला. माझे त्या वेळचे विभागप्रमुख आता निवृत्त झाले आहेत. ते मात्र माझ्या कामाविषयी लिहून द्यायला तयार आहेत.

तिसरी नोकरी सध्याची, सिन्नरची, सप्टेंबर २०२१ पासून. पत्र मागितले की मी जाणार हे उघड होईल, आणि अर्जाचा निकाल कधी लागेल, लागेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. मधल्या काळात बढती थांबली किंवा मला बाजूला सारले तर काय करायचे, ही भीती आहे. घरचे हप्ते चालू आहेत.

घाई आहे ती वयामुळे. एक्सप्रेस एंट्रीच्या क्रमवारीत जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला चौतिसाव्या वर्षी वयाचे ७५ गुण मिळतात, पस्तिसाव्या वर्षी ७०. माझा पस्तिसावा वाढदिवस मार्चमध्ये आहे.

एका सल्लागाराने सांगितले की, तीनही पत्रे 'करून देऊ', फक्त तपशील पाठवा. मी तिथून उठून आले. प्रत्यक्ष बारा वर्षे काम केलेले असताना खोट्या कागदावर अर्ज करणे मला मान्य नाही. म्हणून विचारते: बंद पडलेल्या शॉपमधील काम कसे सिद्ध करावे? विभागप्रमुखांचे निवेदन कंपनीच्या पत्राऐवजी चालते का? आणि सध्याच्या कंपनीकडे पत्र कधी व कोणत्या शब्दांत मागावे? ज्यांनी ही वाट स्वतः पार केली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

ताई, आम्ही २०२३ मध्ये याच वर्गातून अर्ज केला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या नोकरीची एवढी चिंता करू नका, कारण तुम्हाला तिची बहुधा गरजच नाही. फेडरल स्किल्ड वर्कर वर्गात अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांतील अनुभवच धरला जातो. म्हणजे अंबडच्या चार वर्षांपैकी निम्मी आधीच बाहेर गेली. पात्रतेच्या शंभर गुणांच्या तक्त्यात, जिथे ६७ लागतात, सहा किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाला सर्वाधिक १५ गुण आहेत. क्रमवारीच्या गुणांत तर कॅनडाबाहेरील अनुभव तीन वर्षे झाला की त्यापुढे त्याचे गुण वाढत नाहीत. सातपूर आणि सिन्नर मिळून तुमची आठ वर्षांच्या आसपास होतात. त्यामुळे अंबडची नोकरी गुणांसाठी न दाखवता केवळ वैयक्तिक इतिहासाच्या रकान्यात खरी खरी नोंदवा. तिथे दहा वर्षांत एका महिन्याचीही फट राहू देऊ नका, आणि कामाचा अनुभव व वैयक्तिक इतिहास या दोन्ही रकान्यांतील तारखा एकमेकींशी जुळतात का ते तपासा. आमच्या ओळखीत एकांना नेमके याच विसंगतीवरून स्पष्टीकरण मागितले गेले.

मुलाच्या सहीचे पत्र घेऊ नका, तुमचे मन तुम्हाला बरोबर सांगते आहे. पाहिले नाही त्याची ग्वाही देणारे पत्र हे चुकीच्या माहितीत मोडू शकते, आणि त्यांच्या कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते. कधी विचारणा झालीच तर काकांचे मराठी पत्र प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, फॉर्म १६, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि शॉपची जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा आदेश एवढे जवळ असू द्या. तो आदेश मुलाकडून मागा. ती मदत तो खरेपणाने करू शकतो.

सातपूरसाठी फाटकावर जाणे बंद करा आणि सगळे ईमेलने करा. काय हवे, कशासाठी हवे, कोणते मुद्दे हवेत हे स्पष्ट लिहा. नकार आला तर तोच तुमचा पुरावा. मग कंपनीचे ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र, त्यासोबत विभागप्रमुखांचे नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र, नेमणुकीचे व पगारवाढीचे पत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि पत्र पूर्ण स्वरूपात का मिळाले नाही हे सांगणारे एक पानाचे स्पष्टीकरण, असा संच जोडा. आम्ही एका नोकरीसाठी हेच केले आणि ते स्वीकारले गेले. हमी मात्र कोणी देऊ शकत नाही; निर्णय त्या अधिकाऱ्याचा असतो.

एक कळकळीची सूचना. कामाचे स्वरूप लिहिताना कॅनडाच्या वर्गीकरणातील वाक्ये उतरवून काढू नका. कोणत्या सुट्या भागांची तपासणी, कंट्रोल प्लॅन (काय, कधी व कसे तपासायचे याचा आराखडा) कोणी केला, सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावर काय मोजले, आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये तुमची जबाबदारी कोणती होती, रिजेक्शन कशामुळे होत होते आणि ते तुम्ही कसे कमी केले, असे लिहा. खऱ्या कामाचा वास कागदाला येतो.

प्रतिसाद २

मी अंबडच्याच एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते. आम्ही नमुन्याबाहेर जात नाही याचे कारण बहुधा अढी नसते. कामाचे स्वरूप आम्हाला स्वतःला ठाऊक नसते आणि न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला कोणीही कचरते. तेव्हा कामाचा मजकूर आधी विभागप्रमुखांकडून तपासून, सही-शिक्क्यासह घ्या आणि मग आमच्याकडे या. आमचे नेहमीचे पत्र आणि त्याला जोडपत्र म्हणून विभागप्रमुखांनी सही केलेला मजकूर, ही पद्धत आमच्याकडे दोन-तीन वेळा वरिष्ठांनी मान्य केली आहे. तास आणि पगार हे तर आमच्याच नोंदींत असतात. सहा दिवसांचे आठ तासांप्रमाणे ४८ तास लिहायला कोणाची हरकत नसावी.

सिन्नरबाबत माझे मत असे की, मजकूर आजच तयार ठेवा, पण मागणी कॅनडाकडून अर्जाचे आमंत्रण आल्यावर करा. मात्र आमंत्रणापासून पूर्ण अर्ज भरायला ६० दिवसच असतात आणि त्यातच पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्रही येते, म्हणून पहिल्याच आठवड्यात बोला. कारण लपवू नका. बँकेच्या कर्जासाठी हवे असे सांगून घेतलेले पत्र पुढे पडताळणीचा फोन आला की अंगाशी येते. आधी थेट वरिष्ठांना विश्वासात घ्या, प्रक्रिया लांबणारी आहे आणि जाईपर्यंत नोटीसचा काळ पूर्ण करीन हे लेखी द्या. माणूस अचानक जाईल ही भीती गेली की पुष्कळ वरिष्ठ स्वतःहून मदत करतात.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दहा वर्षांची मर्यादा मी वाचली होती, पण तिचा अर्थ अंबडच्या नोकरीला लावून पाहिला नव्हता. काकांच्या मुलाला काल रात्री फोन करून सही नको असे सांगितले. जीएसटीचा आदेश तो शोधून पाठवणार आहे. सातपूरला आज सकाळी सविस्तर ईमेल केला असून त्यात जोडपत्राची विनंतीही केली आहे.

संध्याकाळी निवृत्त विभागप्रमुखांच्या घरी इंदिरानगरला गेले होते. त्यांनी माझा मजकूर चष्मा लावून ओळीओळीने वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. एका ठिकाणी मी 'पीपॅपची (नव्या सुट्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) कागदपत्रे तयार केली' असे लिहिले होते, ते म्हणाले, "पहिल्या वर्षी तू फक्त मदत करत होतीस, पुढे स्वतः केलीस, तसेच लिही." तसेच लिहिले. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ न्यायालयाच्या आवारात नोटरीकडे पुढच्या सोमवारी जायचे ठरले आहे.

आता एकच शंका राहते. त्यांचा कंपनीतील ईमेल आणि दूरध्वनी आता नाही. प्रतिज्ञापत्रात त्यांचा घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक देणे पुरेसे ठरेल का, की त्या काळात ते माझे वरिष्ठ होते हे दाखवण्यासाठी त्यांचे निवृत्तीचे पत्र आणि माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवरील त्यांची सही हेही जोडावे? फॉर्मच्या २०१९ आणि २०२० च्या प्रती माझ्याकडे आहेत.