प्रिसिजन बेसला फ्लॅटवाउंड तारा लावू का? (सल्ला हवा आहे)

चारतारी:
नमस्कार मंडळी. स्क्वायरचा (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) क्लासिक व्हाइब सिक्स्टीज प्रिसिजन बेस गिटार सेकंडहँड घेतलाय. मान सरळ, खरखर नाही, वाजायला झकास. आधीच्या मालकाने राउंडवाउंड तारा लावल्यात, 45-105 (जाडी, इंचाच्या हजारांशांत), बऱ्यापैकी नव्या. अडचण अशी की आमचा ऑर्केस्ट्रा साठ-सत्तरच्या दशकातल्या हिंदी-मराठी गाण्यांचा. त्या गाण्यांत बेस कसा 'डुम्' करून गोल येतो आणि पुढच्या मात्रेआधी बाजूला होतो. माझा 'टँण्ण' वाजतो, मागे धातू रेंगाळतो, बोट सरकलं की 'झुईं'. ट्रेबल काढला तर आवाज गोधडीखाली गेल्यासारखा. फ्लॅटवाउंड लावू का? कोणत्या? की पिकअपच (तारांचा कंप उचलणारं चुंबक) बदलू? रविवारी मित्रांबरोबर रॉकही वाजवतो, त्याचं काय होईल? तारांसाठी पाच हजारांपर्यंत तयारी आहे.

खर्जप्रेमी:
पिकअपला हात लावू नका. तुम्हाला हवा तो आवाज तारांत आहे.

राउंडवाउंडमध्ये गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे वेढ्यांमध्ये खाचा राहतात. तुमची 'झुईं' म्हणजे त्या खाचांवरून घासणारं बोट. फ्लॅटवाउंडचा वरचा थर चपट्या पट्टीचा असतो. बोट गुळगुळीत सरकतं, वरची झगमग कमी होते, आस (सुराचं रेंगाळणं) आखूड होते, पण सुरुवातीचा ठोका स्पष्ट राहतो. ट्रेबल काढल्यावर नेमका तो ठोकाच नाहीसा होतो, म्हणून गोधडी.

आणि हा बेस वाढलाच फ्लॅटवर. लिओ फेंडरने 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनहून प्रिसिजन बाजारात आणला. 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला, एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जीखाली, आणि दोघांनी मिळून विजेची गुणगुण मारायची. तुमच्या बेसवर त्याच घडणीचा पिकअप आहे. राउंडवाउंडचं पेव फुटलं ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडच्या रोटोसाउंडमुळे आणि द हू बँडच्या जॉन एन्टविसलमुळे. त्याला पियानोच्या खालच्या सप्तकासारखा खणखणाट हवा होता. त्याआधीच्या बहुतेक रेकॉर्डिंगांत फ्लॅटच आहेत असं धरून चाला.

धडाड_धूम:
फ्लॅट म्हणजे विकत घेतलेल्या मेलेल्या तारा. रॉक विसरा मग. खरं तर जॅझ बेस घ्यायला हवा होता, दोन पिकअप, हवा तसा आवाज.

खर्जप्रेमी:
धडाडराव, आयर्न मेडन ऐकता ना? त्यांचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस आयुष्यभर प्रिसिजनच वाजवतोय आणि त्यावर फ्लॅटच आहेत. रोटोसाउंड त्याच्या नावाचा संच विकते, 50-110. तो धडधडाट 'मेलेल्या' तारांचा आहे. नवीन संच, उजव्या हाताचा जोर आणि अ‍ॅम्पवर उघडलेला ट्रेबल.

जॅझ बेस (1960 चा) सुंदर वाद्य आहे, त्याबद्दल वाद नाही. नटपाशी (मानेच्या टोकाची, तारा बसायच्या खाचांची पट्टी) मान दीड इंच रुंद, जुन्या प्रिसिजनची पावणेदोन, त्यामुळे लहान हाताला सोपा जातो. पण माणसाने प्रिसिजन घेऊन झाल्यावर त्याला जॅझ सुचवणं हा सल्ला नव्हे.

धडाड_धूम:
हॅरिस फ्लॅट वाजवतो हे माहीत नव्हतं. तलवार म्यान. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) करायचं असेल तर मात्र राउंडच, यावर ठाम आहे.

ट्रॉयकर:
मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइट शेजारीच, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

प्रिसिजन आणि फ्लॅट म्हटलं की आधी जेम्स जेमरसन. मोटाउन या इथल्या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली याचाच बेस. 1962 चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट, 52-110. तुटल्याशिवाय तार बदलायची नाही, हा त्याचा नियम. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. ब्रिजवर, म्हणजे तारा खाली अडकवतात तिथे, फेंडरचं क्रोमचं झाकण असायचं, त्याच्या आत फोमची पट्टी, ती तारांवर टेकायची. बरेच लोक ते झाकण काढून टाकत, याने ठेवलं. तुम्ही म्हणता तो 'पुढच्या मात्रेआधी बाजूला होणारा' सूर निम्मा त्या फोमचा आहे.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं मोटाउनचं घर आता संग्रहालय आहे, स्टुडिओ ए आत जाऊन बघता येतो. खोली इतकी लहान की एवढे वादक मावले कसे याचं नवल वाटतं. बेस अ‍ॅम्पसमोर माइक लावून नाही, तर वायर थेट रेकॉर्डिंगच्या डेस्कमध्ये जायची. म्हणजे महागड्या अ‍ॅम्पची जादू वगैरे काही नाही: तार, फोम, बोट.

म्हणून चारतारी, तारा मागवण्याआधी आजच फोम लावून बघा. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग (हिरवा खरखरीत भाग नको) बोटभर रुंद कापा आणि ब्रिजला चिकटून तारांखाली सरकवा. तारांना नुसता टेकला पाहिजे, दाबून बसला की सूर बुडतो.

वाचनमात्र_वाजवनमात्र:
+1. वाचनखूण साठवली.

मांडवीकाठचा:
पणजीहून. एक वेगळा मुद्दा. तुमच्या कानात बसलेला 'जुना बेस' नक्की कुठला ते आधी ठरवा. पन्नाशीतल्या आणि साठच्या सुरुवातीच्या चित्रपट संगीतात बेस गिटार नाहीच, उभा डबल बेस आहे. पुढे बेस गिटार आला, पंचमच्या वाद्यवृंदात टोनी वाझ वाजवायचे, आणि आमच्याकडे त्या पिढीच्या वादकांबद्दल अजून कौतुकाने बोलतात. या दोन प्रकारांचा आवाज एक नाही. डबल बेसचा लाकडी 'थप' हवा असेल तर काळ्या नायलॉनच्या टेपवाउंड तारा त्याच्या जास्त जवळ जातात. सत्तरच्या दशकातली गाणी जास्त असतील तर सरळ फ्लॅट. तिथे पिकने (प्लास्टिकच्या पात्याने) वाजवून तळहाताची कड ब्रिजपाशी टेकवलीत तर अर्धी गाणी जागेवर बसतील. अमेरिकेत कॅरल के असंच करायची: प्रिसिजन, फ्लॅट, पिक, आणि तारांवर कापडाची घडी.

शिवाय इकडच्या दमट हवेत राउंडच्या खाचांत घाम आणि मळ साचून तारा लवकर बसतात. फ्लॅट पुसल्या की स्वच्छ. महाग असल्या तरी वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे हिशेब जमतो.

चारतारी:
स्पंज लावला! ऑर्केस्ट्राची गाणी एकदम दुसरी वाटायला लागली. पण 'झुईं' आहेच, तेव्हा फ्लॅट घेणार हे नक्की. आमची यादी सत्तरकडे झुकते. आता नावं सांगा: डॅडारिओ क्रोम्स, ला बेला की थोमास्टिक?

खर्जप्रेमी:
तुमच्यासाठी क्रोम्स, 45-100. फ्लॅटमध्ये त्या सगळ्यात उजळ, रविवारचा रॉक निभावून नेतील, आणि पहिल्या काही महिन्यांनंतर झगमग उतरली की ऑर्केस्ट्रासाठी आणखी चांगल्या होतील. बोटांना ताठ लागतील, तेवढी तयारी ठेवा.

ला बेलाचा आवाज मला स्वतःला सर्वांत आवडतो, सुरुवातीपासून मुरलेला. पण जेमरसनच्या मोहात 52-110 घेऊ नका. मानेवर ताण फार आणि तुमच्या नटच्या खाचा तेवढ्या जाड तारांसाठी कापलेल्या नसतात. घ्यायच्याच तर त्यांचा 45-105 चा संच. थोमास्टिक व्हिएन्नाच्या, 43-100, इतक्या मऊ की जोरात वाजवणाऱ्याच्या तारा फ्रेटवर आपटतात. हलक्या हाताच्या माणसाला त्या स्वर्ग, पण तुमच्या बजेटात बसणार नाहीत.

दुकानात जाऊन बघायचं असेल तर मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज आहे. फ्लॅट नेहमी असतीलच असं नाही, आधी फोन करा.

सोल्डरवाला:
टोन नॉबबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. प्रिसिजनला दोनच नॉब, आणि लोक दुसरा कायम पूर्ण उघडा ठेवतात. राउंडवर निम्मा बंद करून वाजवलात तरी बराच फरक पडतो. फ्लॅट लावल्यावर उलट करा, पूर्ण उघडा आणि तिथून खाली या. आतला कॅपॅसिटर बदलायची इच्छा झालीच तर पुण्याच्या तपकीर गल्लीत चहाच्या पैशांत मिळेल. साठच्या सुरुवातीला 0.1 मायक्रोफॅरड असायचा, नंतर 0.05. मोठा म्हणजे नॉब बंद केल्यावर जास्त अंधार. उघड्या नॉबवर फारसा फरक ऐकू येणार नाही, तेव्हा 'व्हिंटेज' कॅपॅसिटरच्या नावाखाली हजारो घालवू नका.

दुसरं, निर्णय घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर करू नका. सुट्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा. आठ इंची स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही, तुम्ही ऐकता ते त्याच्या वरचं सप्तक. प्रिसिजन एकटा वाजवला की ओबडधोबड वाटतो. ढोलक, कीबोर्ड, गायक सगळे सुरू झाले की खालच्या मिड्समुळे (खर्जाच्या जरा वरचा पट्टा) तोच ऐकू येतो. तालमीत ऐका आणि मग ठरवा.

चारतारी:
क्रोम्स मागवल्या. चढवताना काही काळजी? पहिल्यांदाच स्वतः करणार आहे, आणि बाहेर धो धो पाऊस.

खर्जप्रेमी:
तार आधी कापू नका. खुंटीच्या पुढे साधारण दोन-तीन इंच राखा, काटकोनात वाकवा, मग कापा. न वाकवता कापली तर चपटा वेढा सुटत जातो आणि तार फुकट. टोकाचं रंगीत रेशीम नटवर यायला नको. एकेक तार बदला, चारही एकदम काढू नका, म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही.

सोल्डरवाला:
नव्या तारांचा ताण जास्त, त्यात पावसाळा, मान पुढे वाकणार. एक रात्र तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. 0.3 मिलिमीटरच्या आसपास हवी, व्हिजिटिंग कार्डाएवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली सळी) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा ट्यून, पुन्हा मोजणी. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या वर नाही. अडकतोय असं वाटलं तर जोर न लावता सेटअप करणाऱ्याकडे न्या. ब्रिजवरचं इंटोनेशन (वरच्या फ्रेटचे सूर जुळवणं) सगळ्यात शेवटी: बाराव्या फ्रेटचा सूर तीव्र आला तर सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला तर पुढे.

धडाड_धूम:
आणि काढलेल्या राउंड फेकू नका, गुंडाळून ठेवा. तुम्हाला नकोच असतील तर त्या जुन्या 45-105 मी घ्यायला तयार आहे, कुरियर माझ्याकडे.