मदत हवी आहे: सुरक्षित पायी रस्त्यांचा नकाशा, ॲप भलतीकडूनच नेतंय

भटकी
नमस्कार. शनिवारी गटाला दाखवायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. आम्ही काही जणी मिळून पायी चालणाऱ्यांसाठी नकाशा करतोय. जिथे असुरक्षित वाटलं तिथे लोक टाचणी लावतात आणि ॲप त्या टाळून रस्ता सुचवतं. टाचण्या नीट दिसतात, रस्ता मात्र भलताच निघतो. काल रात्री ९ ला वर्दळीचा सरळ रस्ता सोडून मला गोदामांमागच्या बोळातून पाठवलं. चिटपाखरू नव्हतं तिथे. आकडे बदलून बदलून कंटाळले. काय चुकतंय?

नकाशावाला
राउटिंग इंजिन, म्हणजे रस्ता शोधून देणारं सॉफ्टवेअर, कुठलं? नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचाच ना, लोकांनी मिळून बनवलेला खुला? आणि आकडे म्हणजे नक्की कशाचे?

भटकी
ओपनस्ट्रीटमॅपच, दुसरा कुठला असणार! इंजिन ओएसआरएम. पण त्याचा काय संबंध? अंतर बरोबर काढतंय.

नकाशावाला
संबंध आहे. ओएसआरएम बरंचसं गणित आधीच करून ठेवतं, म्हणून उत्तर झटपट येतं. दिवसाचा हिशेब वेगळा आणि रात्रीचा वेगळा हवा असेल तर दोनदा तयारी करावी लागते. ग्राफहॉपर नावाच्या दुसऱ्या इंजिनात रस्त्यांचे नियम दर विनंतीसोबत पाठवता येतात. वालहाला या तिसऱ्या इंजिनात पादचाऱ्यांसाठी दिवे असलेल्या रस्त्याला झुकतं माप द्यायची सोयही आहे. मी तर आजच बदललं असतं.

तिरकस
आले, इंजिन बदला संप्रदायवाले आले. त्या बोळाबद्दल विचारतायत हो.

आजोबा६५
ताई, रात्री चालताना शिट्टी आणि विजेरी जवळ ठेवावी. विजेरी डोक्याला लावायची मिळते, हात मोकळे राहतात.

रातकिडा
भटकी, त्या बोळात टाचण्या किती आहेत?

भटकी
एकही नाही. तिथे जातंय कोण?

रातकिडा
आणि वर्दळीच्या रस्त्यावर?

भटकी
३१. हजारो लोक जातात तिथून, लांबी फार तर ८०० मीटर.

रातकिडा
रस्ता टाळायला इंजिनाला जो दंड सांगता, तो कसा धरलाय? टाचण्या मोजून?

भटकी
हो. जितक्या टाचण्या तितका दंड. नाही तर कसा धरणार?

रातकिडा
मग इंजिन बिचारं सांगितलेलंच करतंय. ३१ वाला रस्ता टाळला, शून्यवाला पकडला. तुमच्या कोडात 'माहिती नाही' आणि 'धोका नाही' हे दोन्ही शून्यच आहेत. इंजिन कुठलंही घ्या, बोळ जिंकणारच.

मीच_ती
+१. शिवाय टाचणी फक्त वाईटाची. 'चाललो, ठीक होतं' असं बटणच नसेल तर किती जणांपैकी ३१ हे कळणार कसं? आणखी एक, नुसत्या वाईट टाचण्यांनी वस्त्या बदनाम होतात. २०१४ मध्ये असुरक्षित वाटणाऱ्या जागा नोंदवायचं स्केचफॅक्टर नावाचं ॲप आलं होतं, त्यावर वर्णभेदाची टीका झाली ती उगाच नाही. त्यापेक्षा गटाने एकत्र चालून एकाच प्रश्नावलीवर नोंदी कराव्यात. टोरांटोत १९८९ पासून स्त्रियांचे असे पाहणी-फेरे झालेत.

तिरकस
'असुरक्षित वाटलं' हे मोजायचं कसं? खांब मोजा, दिवे मोजा.

मीच_ती
दोन्ही मोजायचं. सेफ्टीपिन या स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या ॲपच्या पाहणीत ९ निकष आहेत. प्रकाश, मोकळेपणा, चालायला जागा, आसपास माणसं वगैरे, आणि 'कसं वाटलं' हाही त्यातलाच एक. दिवा चालू असून भीती वाटते असे रस्ते तुम्ही पाहिले नाहीत, म्हणून नसतात असं नाही.

नकाशावाला
एक सांगून ठेवतो. दिवे, पदपथ हे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरा, स्ट्रीटकम्प्लीट या ॲपवर एका बोटाने होतं. 'भीती वाटते' मात्र तिथे टाकू नका. दुसऱ्याला जाऊन पडताळता येईल तेवढंच तिथे चालतं. ते तुमच्या डेटाबेसात.

भटकी
सगळं पटतंय, पण शनिवार! आत्ता कोडात काय बदलू?

रातकिडा
टाचण्या मोजणं सोडा. दर नोंदीला १ ते ५ गुण घ्या, १ म्हणजे वाईट. गुण कमी तितका दंड जास्त. मग प्रत्येक रस्त्याला फुकटच्या ५ नोंदी द्या, गावभराच्या सरासरीच्या. सरासरी ३ असेल तर कोऱ्या बोळाला ३. एकाने १ दिला तर (१५+१)/६, म्हणजे २.६७. वीस जणांनी १ दिला तर (१५+२०)/२५, म्हणजे १.४. एकट्याच्या रागाने रस्ता बुडत नाही आणि कोरा रस्ता फुकटात पहिला येत नाही. त्यावर रात्री दिव्यांची माहिती नसलेल्या रस्त्याला थोडा जादा दंड. जुन्या नोंदींचं वजनही हळूहळू कमी करा, दिवा दुरुस्त झाला तरी टाचणी तशीच राहते.

मीच_ती
आणि चालल्याचा माग साठवत असाल तर सुरुवातीचे नि शेवटचे २०० मीटर कापा. नाही तर घर कुठलं ते नकाशावरच दिसेल.

भटकी
माग साठवतो आम्ही. पूर्ण. हे आधी सुचायला हवं होतं.

आजोबा६५
विजेरीला सेल मात्र दोन जास्तीचे ठेवा.

भटकी
करून पाहिलं. जुन्या ३१ टाचण्यांना गुण नव्हते, सगळ्यांना तात्पुरते २ दिले. रात्रीचा जादा दंडही लावला. बोळ गेला, वर्दळीचा रस्ता आला. आता 'ठीक होतं' बटणाचं चित्र काढतेय. हिरवा अंगठा नको वाटतो, दुसरं काही सुचतंय का कुणाला?

तिरकस
चप्पल.