मदत हवी आहे: मिठाच्या वाटेवरची हान्सा शहरं, आई-बाबांना घेऊन कशी बसवावीत?

नमस्कार मंडळी,

गणपती विसर्जन झालं की आई-बाबा, नवरा आणि मी असे चौघं उत्तर जर्मनीला निघतोय. विमान हॅम्बुर्गचं आहे, हातात आठवडाभर. व्हिसाचं काम मार्गी लागलंय, प्रश्न आखणीचा आहे.

बाबांची मार्केट यार्डात धान्याची आडत होती. कुठलंही गाव दाखवा, ते विचारणार की इथे माल कुठून यायचा, उतरायचा कुठे आणि पैसे कोण मोजायचं. त्यामुळे राजवाडे आणि आल्प्स बाजूला ठेवून ही सहल फक्त हान्सा शहरांची, म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपच्या व्यापारी संघातल्या शहरांची, करायची ठरवली आहे. नुसती शहरं जोडण्यापेक्षा मिठाच्या मागोमाग जावं असं मला फार वाटतं. ल्युनेबुर्गला जमिनीखालचं खारं पाणी उपसून, आटवून मीठ काढायचे. ते आधी गाड्यांनी आणि १३९८ पासून कालव्यातून ल्युबेकला यायचं, तिथून जहाजांनी दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावर. तिथे हेरिंग मासळी त्या मिठात खारवून पिंपांत भरायची आणि युरोपभर विकायची. ख्रिस्ती लोकांना उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य पण मासे चालत, म्हणून गिऱ्हाईक कायमचं. ल्युबेकची श्रीमंती बरीचशी यावर उभी राहिली. होल्स्टेनटोर या वेशीला लागून नदीकाठी मिठाच्या सहा जुन्या वखारी अजून उभ्या आहेत. बाबांना तिथे उभं करायचंय, एवढं नक्की.

सध्याचा विचार असा: ल्युनेबुर्ग, मग ल्युबेक, तिथून विस्मार आणि श्ट्रालझुंड, शेवटी हॅम्बुर्गची गोदामं. ब्रेमेनही खुणावतंय, कारण तिथल्या चौकातला १४०४ सालचा रोलांड या योद्ध्याचा दगडी पुतळा म्हणजे शहराच्या स्वातंत्र्याची आणि बाजाराच्या हक्कांची खूण. पण सगळं कोंबलं तर आई-बाबांची फरफट होईल.

बाबांचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ते भरपूर चालतात, गोट्यांच्या फरसबंदीवर मात्र लवकर थकतात. म्हणून रोज बॅगा ओढण्यापेक्षा एकाच ठिकाणी मुक्काम बरा, असं माझं मत. पण तो हॅम्बुर्गला करावा की ल्युबेकला? ब्रेमेन आणि श्ट्रालझुंड यांतलं एकच ठेवायचं तर कुठलं? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. मासळीवर वाढलेल्या या गावांत तिची सोय कशी लागेल? स्वतः जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

प्रतिसाद

मुक्काम ल्युबेकला करा. तिथून ल्युनेबुर्गला थेट लोकल गाडी आहे, वाटेत म्योल्न आणि लाउएनबुर्ग लागतात, म्हणजे जवळपास जुन्या मिठाच्या वाटेनेच जाल. हॅम्बुर्ग पाऊण तासावर. ब्रेमेन उलट्या दिशेला आहे, या खेपेला सोडाच. श्ट्रालझुंड सुंदर आहे, पण जाऊन-येऊन सहा तास गाडीत जातील.

चौघं आहात, तर डॉइचलांड तिकीट (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) प्रत्येकी काढू नका. ते कॅलेंडरच्या महिन्यापुरतं चालतं आणि तुमची सहल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सीमेवर येऊ शकते. त्याऐवजी श्लेसविग-होल्स्टाइन राज्याचं दिवसाचं तिकीट घ्या. एकावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो, ते हॅम्बुर्ग आणि विस्मारच्या बाजूलाही चालतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच, आणि जलद गाड्यांत नाही. ३ ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते, रविवारीही दुकानं बंद. वाणसामान आदल्या दिवशी भरून ठेवा.

आईंसाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बघा. तुर्की दुकानांत मसूर डाळ, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळतं. बाबांसाठी ल्युबेकच्या सेंट पेट्री चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, वरून नदीने वेढलेलं अख्खं जुनं गाव दिसतं. मारियेनकिर्चं हे चर्च चुकवू नका. ते व्यापाऱ्यांचं, बिशपच्या चर्चपेक्षा भव्य बांधलेलं. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा पडल्या जागीच ठेवल्यात, वेड्यावाकड्या फुटलेल्या, फरशीत रुतलेल्या. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! ल्युबेक पक्कं, ब्रेमेन आणि श्ट्रालझुंड रद्द. विस्मारला गाडी बदलून जावं लागतं असं दिसतंय. बाद क्लाइनेन स्टेशनवर फलाट बदलायला लिफ्ट आहे का, आणि ल्युनेबुर्गच्या मीठ संग्रहालयात जिने किती आहेत, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा. तिथली मीठ आटवायची कढई बाबांना जवळून दाखवायचीच आहे.