'पाय नसलेला माणूस' माझ्या घरात राहतो

अडीचचा_गजर
शाळेच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आला असेल. 'बूट नाहीत म्हणून मी रडत होतो, मग मला पाय नसलेला माणूस दिसला.' मागे उगवता सूर्य. खाली, 'रोज झोपताना पाच गोष्टींचे आभार माना, दुःख आपोआप लहान होतं.' एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण टाकणारीने शेवटी माझं नाव घालून लिहिलं होतं, 'तुझ्याकडे बघितलं की माझ्या तक्रारी बंद होतात गं.' त्यावर पंधरा-वीस जणींनी हात जोडले.

तिथे काही बोलले नाही. दोन रात्री डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहिते.

तो पाय नसलेला माणूस माझ्या घरात राहतो. पाय आहेत, पण कमरेखाली संवेदना नाही. २०२२ च्या जूनमध्ये कात्रज बायपासला मोटारसायकल घसरली, डी-१२ चा मणका गेला. नवरा तेव्हा ४१ वर्षांचा होता. दिवसातून पाच वेळा कॅथेटर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर. एकदा माकडहाडावर झाला होता, चार महिने ड्रेसिंग चाललं. दिवसा नर्सिंग ब्यूरोने पाठवलेले मामा असतात, रात्री मी. साडेबारा, अडीच, साडेचार असे तीन गजर.

बूट नसलेल्याने माझ्या नवऱ्याकडे बघायचं. मग त्याने कोणाकडे बघायचं? ज्याचे हातही हलत नाहीत त्याच्याकडे? आणि त्याने? या उतरंडीत अगदी तळाला जे मडकं आहे त्याला काय सांगणार?

आणखी एक. आमच्या इमारतीत लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत. रॅम्पसाठी वर्षभर अर्ज करतेय. पार्किंगची एक जागा जाते म्हणून दर सभेत विषय पुढे ढकलतात. गेल्या सभेत एका गृहस्थांनी मला समजावलं, 'ताई, सकारात्मक राहा, लिफ्ट तरी आहे ना!' कृतज्ञता शिकवतात ती अशासाठी. मागणाऱ्याने गप्प बसावं म्हणून.

नारायणपेठ_६१
ताई, तुम्ही जे करताय त्यापुढे बोलायला जीभ रेटत नाही. तरी तुम्ही सरसकट निकाल लावलात म्हणून लिहितो.

१२ जुलै १९६१. मी नऊ वर्षांचा. आधी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला. आमचा वाडा नदीपासून हाकेच्या अंतरावर. नेसत्या कपड्यांनिशी आत्याकडे पळालो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर माजघरात गुडघाभर चिखल, भिंत पडलेली, कुजलेल्या धान्याचा वास. तो वास मला आजही ओळखता येईल. आजीने चिखलातून देवघरातली समई शोधून काढली, धुतली, लावली आणि म्हणाली, 'घर गेलं, घरातलं कोणी गेलं नाही.' पुढची दोन वर्षं पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या घरात काढली. उन्हाळ्यात भाजून निघायचो. पण आजीच्या त्या एका वाक्यावर सगळं घर उभं राहिलं. तिला कोणाचं तोंड बंद करायचं नव्हतं.

आपल्याच भागातले मुरलीकांत पेटकर बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. आपल्याकडे काय नाही याचा हिशोब ते मांडत बसले असते तर? 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' हे आपल्याकडे उगाच नाही म्हटलेलं.

अडीचचा_गजर
काका, पेटकरांचं नाव मी गेल्या तीन वर्षांत किती जणांकडून ऐकलं याची मोजदाद सोडली. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण ते पाण्यात उतरले, कारण कोणीतरी त्यांना पाण्यापर्यंत नेलं. पाठीशी लष्कर होतं, उपचार होते, पुढे टेल्कोत नोकरी होती. माझा नवरा चार पायऱ्या उतरू शकत नाही. त्याची जिद्द कमी आहे असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण वाचताना तसंच लागतं.

अरण्येश्वर
नारायणपेठ काका, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. शेजारच्या गल्लीतली भिंत पडली. या पुरात माणसं गेली, तुम्हाला आठवत असेल. सकाळी बिस्किटं वाटायला आलेले लोक आम्हाला सांगत होते, 'जीव वाचला हे काय कमी आहे?' माझी आई चिखलात बसून फुटलेला मिक्सर पुसत होती. तिला त्या क्षणी मिक्सरचंच वाईट वाटत होतं आणि तो तिचा हक्क होता. तुमची आजी स्वतःच्या घराबद्दल बोलली, काका. हेच कोरड्या घरातल्या शेजारणीने येऊन सांगितलं असतं तर?

रोजनिशी
मला मात्र धागाकर्तीचा राग अर्धाच पटतो. मी आभाराची वही लिहिते. २०२० मध्ये स्तनाचा कॅन्सर, केमोच्या सहा सायकल, त्यात लॉकडाऊन, दवाखान्यात सोबतीला कोणी नाही. तेव्हा सुरू केली. 'आज वरणभाताची चव लागली.' 'सिस्टरने पहिल्याच टोचण्यात शीर पकडली.' अशा ओळी. त्या लिहिल्या नसत्या तर मी त्या महिन्यांतून बाहेर आले नसते.

यावर नीट प्रयोगही झालेत. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला सगळ्यात प्रसिद्ध. काहींना आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. त्यातल्या एका प्रयोगात स्नायूंच्या दुर्धर आजाराचेच लोक होते. २१ दिवस रोज आभार लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, झोपही वाढली. हे धडधाकट लोकांचं खूळ नाही, एवढंच म्हणायचंय.

डेक्कनचा_पक्षी
बरोबर. आणि लॉटरीवाला अभ्यास आहेच की! लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले, वर्षभराने दोघं सारखेच सुखी. म्हणजे सगळं मनावर आहे.

आकडेमोड
हे वाक्य मी इतक्या व्याख्यानांत ऐकलंय की आता राग येतो. तो अभ्यास मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा, १९७८ चा. लॉटरीवाले २२, अपघातग्रस्त २९, साधे लोक २२. सुखाची पट्टी ० ते ५. लॉटरीवाल्यांचे ४.००, साध्यांचे ३.८२, अपघातग्रस्तांचे २.९६. यात 'सारखेच' कुठे दिसलं? लॉटरीवाले साध्या लोकांपेक्षा फार सुखी नव्हते, हे खरं. अपघातग्रस्त मात्र स्पष्टपणे कमी सुखी होते. आपल्याला वाटतं तितके खचलेले नव्हते, एवढाच दिलासा. आणि त्यांना आपला भूतकाळ इतरांपेक्षा जास्त सुखाचा वाटत होता. व्याख्यानांत हे कोणी सांगत नाही.

अडीचचा_गजर
आकडेमोड, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून फोन बाजूला ठेवला. नवऱ्याच्या पलंगासमोर राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा फोटो आहे. पाऊस, धुकं, आठ मित्र. तो काढून ठेवू का असं मी मागे विचारलं होतं. 'राहू दे' म्हणाला. त्या दिवशी पायथ्याच्या गुंजवण्यात खाल्लेल्या पिठल्याबद्दल तो इतकं बोलतो की मला शंका येते, ते खरंच तितकं चांगलं होतं का.

हिंजवडी_फेज२
मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या कंपनीत टीममधल्या अकरा जणांना एका सकाळी घरी पाठवलं. चौथ्या दिवशी उरलेल्यांसाठी 'कृतज्ञता सत्र'. रंगीत चिकटचिठ्ठ्या वाटल्या, नोकरी आहे याबद्दल तीन ओळी लिहून काचेवर लावायच्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथल्या मुलाची बायको सातव्या महिन्यात होती. मी चिठ्ठी कोरी लावली, तर मॅनेजरने बोलावून घेतलं. तेव्हापासून हा शब्द ऐकला की छातीत काहीतरी आवळतं. ज्याच्या हातात ताकद आहे त्याने हा शब्द उच्चारूच नये.

इंद्रायणीकाठ
सगळं वाचलं. पण 'ठेविले अनंते' वर गप्प बसवत नाही. आमच्या घरी चार पिढ्या माळ आहे.

काका, तुकोबांचा तो अभंग शेवटपर्यंत म्हणा. 'तुका म्हणे घालूं तयावरी भार । वाहूं हा संसार देवा पायीं.' घालूं, वाहूं. हे ते स्वतःच्या मनाला सांगतायत. समोरच्याला 'तू असाच राहा' असा हुकूम नाही तो. आणि बोलणारा कोण? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याचा धंदा बुडाला, ज्याची बायको 'अन्न अन्न करितां मेली' असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं, तो. 'बरे झाले देवा निघाले दिवाळें' हेही त्यांचंच. स्वतःच्या दिवाळ्याला ते बरं झालं म्हणाले. दुसऱ्याच्या दिवाळ्याला नाही. दुसऱ्यांसाठी काय केलं? आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली.

नारायणपेठ_६१
मला गाथा शिकवू नका. आमच्या घरी काकड्याला रोज अभंग होत. 'राहावे' याचा अर्थ 'राहावे'च. संतांचं बोलणं सगळ्यांसाठी असतं, एकट्या तुकोबांसाठी असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं? आताच्या पिढीला प्रत्येक गोष्टीत कोणाचा तरी दोष दिसायला हवा. समाधान हा शब्द उच्चारला की अंगावर येतात.

इंद्रायणीकाठ
सगळ्यांसाठी आहे, मान्य. म्हणजे ज्याने त्याने स्वतःला म्हणावं. दिंडीत माझ्या आईचे पाय फुटतात तेव्हा ती स्वतः हा अभंग म्हणते. तिच्या पुढे गाडीतून जाणाऱ्याने काच खाली करून म्हटला तर चालेल का? हा अभंग प्रवचनांत, शुभसकाळच्या चित्रांत इतक्यांदा गरिबाच्या तोंडावर मारलाय की लोक तुकोबांनाच निष्क्रिय समजायला लागले. कर्जखतं बुडवणारा माणूस निष्क्रिय? याचं मला रडू येतं, काका, खरंच सांगतो.

आकडेमोड
कर्जखतांत अर्धा वाटा भावाचा होता, तो त्यांनी भावाला दिला अशी परंपरा आहे. भावावर जबरदस्ती केली नाही. तुमचा मुद्दा त्याने पक्काच होतो.

डेक्कनचा_पक्षी
धागा अपंगत्वावर होता की अभंगावर? त्या बाईंनी मनातलं लिहिलं आणि तुम्ही व्याकरण सोडवताय.

अडीचचा_गजर
सोडवू दे. मला या वेळेला जागं राहायला सोबत लागते आणि ही त्या फॉरवर्डपेक्षा चांगली आहे.

रोजनिशी ताई, तुमच्या वहीबद्दल. मान्य, अर्ध्या मनाने. तुम्ही दुसऱ्या पेशंटकडे बघून लिहिलं नाहीत, तुमच्या ताटातल्या वरणभाताबद्दल लिहिलंत. त्या वहीत 'शेजारच्या खाटेवरची माझ्यापेक्षा वाईट आहे' असं एकदाही लिहिलंत का?

रोजनिशी
लिहिलं होतं. एकदा. तिसऱ्या सायकलला. पुढच्या वेळी ती खाट रिकामी होती. मी ते पान फाडलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हे घरी कोणाला माहीत नाही.

पण एक तुम्हीही ऐका. तुम्ही रात्री तीनदा उठता, यात तुमच्यासाठी काहीच चांगलं घडत नसेल तर तुम्ही मोडाल. नवऱ्याचं सोडा, मी तुमच्याबद्दल बोलतेय.

अडीचचा_गजर
घडतं. अडीचच्या गजराला मी त्याला वळवते तेव्हा तो जागा असला तर म्हणतो, 'चहा?' आणि आम्ही खरंच चहा पितो, रात्री अडीचला. अपघाताआधी आम्ही असे बसायचो नाही. त्याला ऑफिस, मला घर. हे मी तिथे ग्रुपवर कधीही लिहिणार नाही. लिहिलं की लगेच म्हणतील, 'बघा, अपघातातून किती छान घडलं!' नाही घडलं छान. त्याचे पाय गेले. चहा वेगळा आणि पाय वेगळे. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

नारायणपेठ_६१
दोनदा लिहून पुसलं. अभंगाच्या अर्थाबद्दल माझं मत बदललेलं नाही, इंद्रायणीकाठवाल्यांनी तशी आशाही करू नये. अरण्येश्वर यांनी विचारलं ते मात्र खरं आहे. ते वाक्य शेजारणीने म्हटलं असतं तर आजीने तिला उंबरा चढू दिला नसता.

ताई, मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. पानशेतमुळेच त्या शाखेला गेलो. तुमच्या सोसायटीला पार्किंगची अख्खी जागा जाईल असं कोणी सांगितलं? रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. पायरी सहा इंचाची असेल तर चार पायऱ्यांचे दोन फूट, म्हणजे चोवीस फूट. सरळ नेला तर जागा खातो. भिंतीलगत काटकोनात वळवून, वळणावर पाच फुटांचा सपाट टप्पा दिला तर बहुधा गाडीला हात लावावा लागणार नाही. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा. आणि अर्जात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा, नुसती विनंती करू नका. पायरीची उंची मोजून कळव, मी नकाशा काढून देतो. सभेलाही येईन, माझ्याशी उतारावर वाद घालू दे त्यांना.

अडीचचा_गजर
काका, आत्ताच खाली जाऊन आले, वॉचमन बघत राहिला. साडेसहा इंच. चारही सारख्या. म्हणजे सव्वीस फूट ना? डाव्या भिंतीला मीटरची पेटी आहे, तिचं माप सकाळी उजेडात घेते.