टोपीच्या मधल्या शिवणीवर सुई मोडते त्याबद्दल

टोपीवर मशीनने भरतकाम करताना मधल्या शिवणीवर आलं की सुई मोडते आणि अक्षरांची बॉर्डर आतल्या भरावापासून सुटते, असं तुम्ही लिहिलंय. धाग्याच्या टेन्शनचा (ताणाचा) स्क्रू फिरवत बसू नका, आधी टोपी फ्रेमवर (मशीनवर टोपी ताणून धरणाऱ्या चौकटीवर) कशी बसलीय ते बघा. आतली घामाची पट्टी बाहेर ओढून घ्या आणि फ्रेमचा पट्टा व्हायझरच्या (टोपीच्या पुढच्या कडक झापेच्या) मुळाशी, शिलाईला अगदी चिकटून आवळा. मग टोपीवर बोटाने टिचकी मारा. कापड दबून वर उसळलं, तर ते सुईबरोबरही तसंच उडणार. माझे तरी निम्मे धागे त्यापायीच तुटायचे.

आता डिझाइन. टीशर्टसाठी पंच केलेली (म्हणजे मशीनसाठी टाके ठरवून बनवलेली) फाइल तशीच टोपीवर चालवली की बोंब होणारच! टोपीवर मधून बाहेर आणि खालून वर जायचं, एकेक अक्षर बॉर्डरसकट संपवत. डावीकडून सरळ उजवीकडे गेलात तर कापड पुढे ढकललं जातं आणि नेमकी शिवणीपाशी चुणी पडते.

सुई ७५/११ नंबरची असेल तर ८०/१२ टोकदार लावून बघा. स्पीड मिनिटाला ६०० टाक्यांच्या आसपास ठेवा. मी एकदा घाईत ८५० ठेवला, डझनातल्या चार टोप्या गेल्या, वर गिऱ्हाइकाने ऐकवलं ते वेगळंच.