जुनी बोलेरो पिकअप : काचेवर पाणी मारत नाही, वॉशरची मोटर बदलायची आहे

पाना_दहा (प्रश्न)

गाडी बोलेरो पिकअप, २०११ चं मॉडेल. वायपर दोन्ही स्पीडला व्यवस्थित फिरतो, पण स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की पाणी येत नाही आणि मोटरचा आवाजही नाही. त्याआधी काही दिवस पाणी फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, तेही लाळ गळाल्यासारखं येत होतं. फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे. मोटरच्या वायरचा कपलर (जोडणीचा प्लग) काढून मीटर लावला, दांडी ओढल्यावर १२.१ व्होल्ट दाखवतो. म्हणजे करंट येतोय आणि मोटर गेली, असंच ना? वॉशरच्या पाण्याच्या टाकीच्या खाली मोटर बसते तिथे कायम ओल असते. पार्टवाला म्हणतो टाकीसकट सेट घ्या. नुसती मोटर बदलता येते का, आणि घरी करायचं तर काय क्रमाने? पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची तपासणी) आहे.

तारकरी

दादा, मोटर घ्यायच्या आधी थांबा. कपलर सुटा असताना मीटरवर दिसलेले १२ व्होल्ट काहीच सिद्ध करत नाहीत. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरच्या दहा धाग्यांतला एक धागा शिल्लक असला तरी आकडा पूर्ण दिसतो. मोटरला पाणी उचलताना दोन-चार अँपियर लागतात आणि तेव्हा तो एक धागा पुरा पडत नाही.

लोड देऊन तपासा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी एवढंच लागतं. हा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे मोटरच्या जवळ जातो. चावी ऑन करा, दुसऱ्या माणसाला दांडी ओढून धरायला सांगा आणि बल्ब कपलरच्या दोन पिनांवर लावा. झगझगीत पेटला तर वायरिंग ठीक, दोष मोटरचा. मिणमिणला तर बल्ब तसाच जोडलेला ठेवून मीटरने बघा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कपलरच्या अर्थ (निगेटिव्हकडच्या) पिनवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. अर्थ चांगला निघाला तर मग दांडीचा स्विच, फ्यूज बॉक्सची पट्टी आणि मधले जॉइंट.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या : तुमच्या गाडीत दांडी पॉझिटिव्ह सोडते की अर्थ? काही गाड्यांत चावी ऑन झाली की मोटरच्या एका पिनवर करंट कायम उभा असतो आणि स्विच फक्त अर्थ जोडतो. आधीच कोणी वायरिंगमध्ये हात घातला असेल तर मॉडेलवर भरवसा ठेवू नका. टेस्ट लॅम्पचा (चिमटा आणि टोक असलेला तपासणीचा बल्ब) चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि टोक एकेका पिनला. दांडी न ओढताच पेटला तर अर्थ-स्विच प्रकार, ओढल्यावरच पेटला तर पॉझिटिव्ह-स्विच. हे न बघता अर्थाची वायर थेट बॉडीला मारली आणि प्रकार पहिला निघाला, तर चावी फिरवल्याबरोबर मोटर सुरू होऊन बसते.

मोटरचा निकाल वेगळा लावा. तिला बॅटरीवरून थेट करंट द्या, पण मध्ये १० अँपियरचा फ्यूज टाकून, आणि तीनच सेकंद. फिरली तर चांगली. नुसती गुणगुणली किंवा फ्यूज उडाला तर जाम.

घाटवाट

नुसती मोटर बदलता येते. टाकी फुटली नसेल तर सेट घेण्यात अर्थ नाही. पण मोटरबरोबर रबरी ग्रोमेट (मोटर टाकीत घुसते त्या भोकातली रबरी कडी) नवीन घ्याच. तुमची ती कायमची ओल बहुतेक तिथलीच आहे. रबर इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, मोटरच्या नाकाभोवती धरत नाही. जुनी मोटर हातात घेऊनच दुकानात जा आणि तीन गोष्टी जुळवा : टाकीत घुसणाऱ्या नाकाची जाडी, पाणी बाहेर पडणाऱ्या तोंडाची जाडी आणि कपलरचा आकार. कपलर नाही जुळला तर दुकानदार ‘वायर तोडून पिळून घ्या’ म्हणेल. बॉनेटखाली पिळलेला जॉइंट एक पावसाळा काढतो. जुन्या मोटरचा कपलर मिळत असेल तर तीच मोटर शोधा.

काम असं. चावी काढा, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. टाकीतलं पाणी वरून नळी घालून किंवा मोठ्या सिरिंजने ओढून घ्या. हे टाळलं तर मोटर निघताक्षणी सगळं पाणी कपलरवर आणि वायरिंगवर. कपलरची जीभ दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका. नळी सरळ खेचली की मोटरचं प्लास्टिकचं तोंड मोडतं आणि तुकडा नळीत अडकतो. आधी गोल फिरवून सैल करा, नाही झाली तर त्या जागी गरम पाणी ओता. टोक कडक झालं असेल तर सेंटीमीटरभर कापून टाका, पुढचा भाग अजून मऊ असतो. मोटर टाकीच्या खाचेत बसलेली असते. वरचं टोक बाहेर कलतं करा, मग वर-बाहेर अशी ओढा. हात जात नसेल तर टाकीचे बोल्ट काढून टाकीच बाहेर घ्या, त्यात वेळ वाचतो. परदेशी व्हिडिओंत चाकाचं अस्तर काढताना दाखवतात, ते टाकी मडगार्डच्या आत लपवलेल्या गाड्यांसाठी. बोलेरोत टाकी बॉनेट उघडल्यावर समोर असते.

टाकी निघालीच आहे तर धुवा. तळाशी हिरवट गाळ असतो. मूठभर तांदूळ आणि गरम पाणी घालून खळखळा, तीनदा विसळा, तांदळाचा एकही दाणा आत राहू देऊ नका. काही ग्रोमेटांना आतल्या बाजूला बारीक जाळी असते, ती फाटलेली असेल तर नव्या मोटरचं आयुष्यही जुनीइतकंच.

ग्रोमेट बसवताना ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल काहीही लावू नका. तेलाने हे रबर फुगतं आणि चार-सहा महिन्यांत सैल पडतं. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब पुरेत. ग्रोमेट आधी भोकात चारी बाजूंनी नीट बसवा, मग मोटरचं नाक त्यात फिरवत दाबा. दोन्ही एकदम ठोकले की ग्रोमेटची कड आत दुमडते. मग अर्धी टाकी भरा, खाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. कोरडा राहिला तरच कपलर लावा.

रानमोगरा

टाकीजवळ हात जात नसेल तर युनिव्हर्सल मोटर आणून नळीच्या मध्येच कुठेतरी वर बसवली तर नाही का चालणार? ग्रोमेटची कटकटच संपली.

घाटवाट

नाही चालणार. या मोटरमध्ये छोटा पंखा असतो, तो पाणी ढकलतो, पण रिकामी नळी ओढून भरू शकत नाही. म्हणून तिची जागा टाकीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली. वर बसवली की ती हवेतच फिरते, आणि कोरडी फिरली की तिचं सील आणि बुश जळतात. त्याच कारणाने टाकी रिकामी असताना दांडी ओढत राहू नये, आणि पाणी असलं तरी एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको.

पाना_दहा

तारकरी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे केलं. टेस्ट लॅम्प दांडी ओढल्यावरच पेटतो. २१ वॅटचा बल्ब दोन पिनांवर लावला तर नुसती तार लाल होते. तोच बल्ब पॉझिटिव्ह पिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हला लावला तर पूर्ण पेटतो. कपलरमध्ये एका पिनवर हिरवी पूड आहे. मोटर थेट बॅटरीवर लावली तर गुणगुणते, फिरत नाही. म्हणजे दोन्हीकडे दोष?

तारकरी

दोन्हीकडे, आणि मूळ एकच. ग्रोमेट गळत होतं, पाणी मोटरवरून ओघळून खाली कपलरमध्ये गेलं, अर्थाची पिन हिरवी पडली. अर्थ कमजोर म्हणून मोटर कमी जोराने फिरायची, त्यात वरून गाळ, शेवटी पंखा अडकला. मोटर जाम झाली तरी फ्यूज उडाला नाही, कारण कुजलेल्या पिनमुळे जाम मोटरलाही पुरेसा करंट मिळत नव्हता. आता पिन साफ न करता नवी मोटर लावली असती तर तीही ‘खराब निघाली’ म्हणून दुकानात परत गेली असती.

हिरवी पूड कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने काढा. पॉलिश पेपर घासू नका, पिनवरचा कथलाचा थर जातो आणि गंज लवकर येतो. पिन सैल पडली असेल तर बारीक पोगराने किंचित आवळा. कपलरच्या मागे दोनेक इंच वायर दाबून बघा. आवरणाखाली कडकड लागली तर तांबं आतून काळं झालंय, तेवढा तुकडा कापून नवीन पिन क्रिम्प करा (पक्कडीने दाबून बसवा). अर्थ बॉडीला जिथे बोल्टने धरलाय तिथला रंग-गंज खरवडून बोल्ट परत आवळा आणि वरून थोडी व्हॅसलीन. मग पुन्हा तोच बल्ब. झगझगीत पेटल्याशिवाय मोटर जोडायची नाही.

नवी मोटर जोडल्यावर फिरते पण धार लेचीपेची, असं झालं तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं लागलंय का बघा. उलटी फिरली तरी ती थोडं पाणी मारते, त्यामुळे लक्षात येत नाही.

रानमोगरा

आधी एकाच बाजूला पाणी येत होतं त्याचं काय? ते मोटर बदलून जाणार नाही ना?

घाटवाट

बरोबर पकडलंत. ते बंद नोजल (काचेवर पाणी मारणारं तोंड) किंवा दबलेली नळी. नवी मोटर जोडल्यावर नळी नोजलपाशी सोडा, तोंड बाटलीत धरा आणि दोन-तीन सेकंद मारा, म्हणजे नळीतला जुना गाळ नोजलमध्ये न जाता बाहेर पडेल. टी-जॉइंटपासून (जिथे नळी दोन नोजलांकडे फुटते) दोन्ही बाजूंना सारखी धार आली तर नोजल बंद. एका बाजूला कमी आली तर बॉनेटच्या बिजागरीजवळ नळी चेपली आहे का पाहा. नोजलला हवा बाहेरून आत मारा, नळी सुटी असताना. आतून मारली की कचरा भोकात आणखी घट्ट बसतो. क्षाराने बंद असेल तर नोजल काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. जाड सुई घालू नका, भोक मोठं झालं की धारेचा जोर गेला. ब्रेक केबलचा एक सुटा धागा चालतो.

नळीत एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्यावरचा बाण नोजलकडे हवा. तो खराब झाला की पाणी टाकीत उतरतं आणि प्रत्येक वेळी दांडी ओढल्यावर दीड-दोन सेकंद वाट बघावी लागते. नेमकं तेव्हाच समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरचा चिखल काचेवर असतो. धारेचा नेम टाचणीने नोजलचा गोळा फिरवून लावा, काचेच्या मध्यापेक्षा थोडा वर. साठ-सत्तरच्या वेगाला वारा धार खाली दाबतो.

आणि पाणी बदला. बोअरचं पाणी म्हणजे नोजलमध्ये रोज थोडा चुना भरणं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लोक हौसेने टाकतात, त्यात तर क्षार बोअरपेक्षा दाट. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कपड्यातून गाळून वापरा, किंवा पावसाचं. कपड्याची पावडर नको, ती तळाशी बसते. पाच लिटरला काच धुण्याच्या लिक्विडचं एक झाकण. कूलंट तर अजिबात नाही, रात्री समोरच्या लाइटमध्ये काचेवर तेलकट पडदा उभा राहतो.

तारकरी

पासिंगसाठी एवढंच : तिथे वायपर बघतात, त्यामुळे मोटरच्या नादात वायपरची रबरं विसरू नका. कोरड्या काचेवर नाही, ओल्या काचेवर फिरवून बघा. काचेवर न पुसलेला पट्टा राहत असेल तर दोन्ही बाजूंची रबरं बदला.