कॉट बेसिस खोल्यांचं ॲप: मायक्रोसर्व्हिसेस की एकच पोस्टग्रेस?

रंकाळाकाठ
कोल्हापुरातल्या विद्यापीठ, राजारामपुरी, सागरमाळ भागातले घरमालक आणि खोली शोधणारी पोरं यांची गाठ घालून देणारं ॲप आम्ही करतोय. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं त्या गावात आज पोरं खांबावरचे 'रूम भाड्याने देणे आहे' कागद वाचत हिंडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टीममधल्या दोघांना सर्च, बुकिंग, चॅट, नोटिफिकेशन अशा वेगळ्या छोट्या सर्व्हिसेस (म्हणजेच मायक्रोसर्व्हिसेस) कुबरनेटिसवर, म्हणजे त्या सगळ्या चालवणाऱ्या-सांभाळणाऱ्या सिस्टिमवर हव्यात. माझं मत ठाम आहे: एकच ॲप्लिकेशन, मॅनेज्ड पोस्टग्रेस (क्लाउड कंपनीनं सांभाळलेला डेटाबेस) आणि फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे क्लाउडच्या फाइल गोदामात. 'कॉलेजपासून दोन किलोमीटरच्या आत, शाकाहारी, मुलींसाठी' हा शोध पोस्टजीआयएस (पोस्टग्रेसची नकाशा-अंतराची जोड) आणि नीट लावलेले इंडेक्स सहज करतात. ॲमेझॉनच्या कुबरनेटिसला तर नुसत्या कंट्रोल प्लेनचेच (सगळ्यावर देखरेख करणाऱ्या भागाचे) तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला ७० डॉलरच्या वर जातात, एकही भाडेकरू यायच्या आधी.

शिरगाव_डेव्ह
भावा, पटलं नाही. ॲडमिशनच्या दिवसांत सगळं गाव एकदम सर्च मारणार. सर्च आणि बुकिंग एकाच डेटाबेसवर असतील तर सर्च बुकिंगलाही घेऊन बुडणार. एरवी वर्षभर ॲप निवांत, म्हणून मी तर सर्व्हरलेसच म्हणेन, म्हणजे कायमचा सर्व्हर नाही, मागणी आली की कोडचं फंक्शन तेवढ्यापुरतं चालतं. वापराल तेवढंच बिल.

रंकाळाकाठ
सर्चसाठी रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) लावता येते, तीही फक्त सीझनपुरती. सर्व्हरलेसमध्ये गर्दी झाली की फंक्शनच्या शेकडो प्रती उठतात, प्रत्येक जण कनेक्शन मागतो आणि पोस्टग्रेस तिथंच गुदमरतो. मग मध्ये कनेक्शन वाटून देणारा पूलर बसवा, तो सांभाळा.

आणि मुख्य मुद्दा कॉटचा. तीन कॉटच्या खोलीत एक कॉट उरलीय, गडहिंग्लजचा एक आणि सांगलीचा एक, दोघं एकाच मिनिटाला 'टोकन भरा' दाबतात. एका डेटाबेसमध्ये त्या कॉटची ओळ लॉक करायची, पहिल्याच्या नावावर पंधरा मिनिटं राखीव अशी नोंद करायची. एका ट्रान्झॅक्शनचं काम, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. पैसे आले नाहीत तर नंतर सोडायची. पेमेंट एका सर्व्हिसमध्ये आणि कॉट दुसऱ्या सर्व्हिसमध्ये ठेवलीस, तर मधे कुठं अडकलं की उलटं फिरवायचा कोड तुलाच लिहावा लागतो. आणि पोरगं बॅग घेऊन सीबीएस स्टँडला उतरलेलं असतं.

शाहूपुरी_३री_गल्ली
एवढ्याशा ॲपला क्लाउड तरी कशाला? ऑफिसात एक चांगला सर्व्हर ठेवा, दर महिन्याचं भाडं वाचेल.

रंकाळाकाठ
दादा, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघून असं कसं म्हणता? २०१९ ला शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. डेटाबेस मुंबईत दोन झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत), बॅकअपची प्रत हैदराबादला. पुराचा एक कॉलम तर लिस्टिंगमध्येच घेतोय: 'या खोलीत पाणी आलं होतं का?' कुंभार गल्लीकडं खोली घेणाऱ्याला हे आधी कळायलाच पाहिजे.

वाचणारी_ताई
तुम्ही सगळे सर्व्हरवर भांडताय. मुलीचा नंबर घरमालकाला कधी दिसणार, हे आधी ठरवा. माझ्या मैत्रिणीनं एका साइटवर नंबर टाकला, तर रात्री अकराला एजंटांचे फोन. दोघांनी होकार दिल्याशिवाय नंबर दिसता कामा नये, आणि आधार कार्डाचे फोटो खोल्यांच्या फोटोंच्या बकेटमध्ये (स्टोरेजच्या कप्प्यात) तर अजिबात नकोत.

शिरगाव_डेव्ह
ताईंचं शंभर टक्के बरोबर. कागदपत्रांची बकेट वेगळी, बंद, आणि थोड्या वेळात संपणारी लिंक. पण नोटिफिकेशनवर मी मागं हटत नाही. एसएमएस गेटवे अडकला की तुझं अख्खं ॲप त्याची वाट बघत बसणार. ते वेगळंच पाहिजे.

रंकाळाकाठ
रांग पाहिजे, वेगळी सर्व्हिस नको. पोस्टग्रेसमध्येच एक टेबल, 'स्किप लॉक्ड' लावून (दुसऱ्यानं धरलेली ओळ सोडून पुढची घ्यायची) वर्कर, म्हणजे मागं चालणारा प्रोग्रॅम, एकेक काम उचलेल. होकार नोंदवणं आणि मेसेज रांगेत टाकणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झालं, म्हणजे 'होकार दिला पण मेसेज रांगेतच पडला नाही' असं होत नाही. जूनमध्ये रांग तुंबली तर वर्कर दुसऱ्या मशीनवर हलवू, टेबल तेच राहील.